फास कुणी लावला ते ठाऊक आहे, आता काय करू?

पत्र असं आहे:

सर, नमस्कार. मी करवीर तालुक्यातली. बीएस्सी केलं, वनरक्षक भरतीत नाव लागलं, सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं. सध्या भुदरगड तालुक्यात एक बीट, म्हणजे वनरक्षकाकडे सोपवलेला रानाचा भाग, सांभाळते. प्रोबेशन अजून संपलेलं नाही. गेल्या महिन्यात गस्तीवर असताना राखीव वनाच्या हद्दीजवळ, ओढ्याच्या काठानं क्लच वायरचे चार फास सापडले. सोबत वनमजूर काका होते. आम्ही फास काढले, पोत्यात भरले आणि मी ते खोलीवर आणून ठेवले. डायरीत फक्त "गस्त केली, फास काढले" एवढं लिहिलं. दोन दिवसांनी त्याच वाडीत एका घरी चहाला बोलावलं. चुलीवर मटण शिजत होतं. घरधनी हसत म्हणाले, "डुक्कर हाय, खातीस का?" ते माझ्या मामीचे सख्खे भाऊ. फास त्यांनीच लावले होते असं वनमजूर काकाही म्हणतात. वनपाल साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "नवीन आहेस, गावाशी वाकडं घेऊ नको, समज देऊन सोड." मामीचा रोज फोन येतो. वाडीत मी गेले की बोलणं थांबतं. बरोबरची एक मैत्रीण म्हणते, मागची तारीख टाकून पंचनामा लिही आणि मोकळी हो. मला तर पंचनामा धड लिहायलाही येत नाही. वडील म्हणतात, सोड ही नोकरी, एमपीएससी कर. सर, गुन्हा नोंदवू की सोडून देऊ?
— एक वनरक्षक

पोरी,

सगळ्यात आधी मैत्रिणीचा सल्ला बाजूला ठेव. मागच्या तारखेचा एक कागदही लिहू नकोस, कुणीही सांगितलं तरी. त्या दिवशी पंच नव्हते, तर पंचांच्या सह्या आज कुठून येणार? ज्यांच्या सह्या घेशील त्यांचे मोबाइल त्या वेळी कुठे होते हे वकील दोन मिनिटांत काढतो. तुझ्याच डायरीत त्या तारखेला पंचनाम्याचा उल्लेख नाही. एवढ्यावर प्रकरण तर पडेलच, शिवाय खोटा दस्त तयार केला म्हणून लोकसेवकावर स्वतंत्र गुन्हा होतो तो तुझ्यावर होईल. प्रोबेशनमध्ये असताना ते किती महागात पडेल, हे वेगळं सांगायला नको.

आज काय करायचं ते सांगतो. आजच्या तारखेचा अहवाल वनपालांच्या वरच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे लिही. अमुक तारखेला, साधारण अमुक वाजता, रानाच्या अमुक क्रमांकाच्या कक्षात गस्त करताना चार फास मिळाले, सोबत अमुक वनमजूर होते, जागेवर पंचनामा झाला नाही, फास त्या दिवसापासून माझ्या खोलीवर पोत्यात आहेत, ते आज हजर करते. जे राहून गेलं ते राहून गेलं असंच लिही. त्यानंतर चुलीवरच्या मटणाबद्दल जे डोळ्यांनी पाहिलंस आणि कानांनी ऐकलंस तेवढंच. आणि एक स्वतंत्र परिच्छेद: संशयित माझ्या नात्यात आहेत, म्हणून या प्रकरणाचा तपास दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे द्यावा, ही विनंती. हा अहवाल परिक्षेत्र कार्यालयात आवक नंबर घालून दे आणि शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेव. पोतं देतानाही पोच घे.

आता तुझा मूळ प्रश्न: नोंदवू की सोडून देऊ. पत्र दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुझी झोप याच प्रश्नानं उडाली आहे, आणि मुळात तो प्रश्न तुझ्यापुढे यायलाच नको होता. कुणाला माफ करायचं हे ठरवण्याचा अधिकार कायद्यानं वनरक्षकाला दिलेला नाही. वनपालांनाही नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 54 मध्ये तडजोडीची सोय आहे, पण ती करायची मुख्य वन्यजीव रक्षकांनी किंवा राज्य सरकारनं अधिकार दिलेल्या, उपवनसंरक्षक दर्जापेक्षा कमी नसलेल्या अधिकाऱ्यानं. तीही ज्या गुन्ह्याला किमान कैद ठरलेली आहे त्यात करता येत नाही. म्हणजे दयेचा दरवाजा कायद्यात आहे. पण तिथपर्यंत पोहोचायला आधी नोंद लागते. तू नोंद केलीस म्हणून मामीचे भाऊ लगेच तुरुंगात जात नाहीत. नोंद केली नाहीस, तर पुढे सगळा भार तुझ्या एकटीच्या शिरावर राहतो. उद्या त्याच ओढ्यात बिबट्या फासात सापडून मेला, तर पहिला प्रश्न येईल, मागच्या महिन्यात इथे फास मिळाले होते ते कुणाला माहीत होतं?

फासाला हलकं समजू नकोस. "डुक्कर तर हाय" हे वाक्य तू नोकरीभर ऐकणार आहेस. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फास लावणं येतं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. जनावर सापडो न सापडो, वायर बांधली की कृत्य पूर्ण झालं. आणि वायरला डुक्कर कळत नाही. जाणारं जनावर भेकर असेल, बिबट्या असेल, गव्याचं वासरू असेल. तुझं बीट ज्या पट्ट्यात आहे तो पट्टा नकाशावर बघ. वर कोयना आणि चांदोली, ज्यांचा मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, मध्ये राधानगरी, खाली तिळारी. वाघाला या वाटेनं ये-जा करता यावी म्हणूनच आजरा-भुदरगड, चंदगड, गगनबावडा, पन्हाळा, विशाळगड हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाले. चांदोलीतून निघालेल्या वाघानं तिळारी गाठायची तर त्याला तुझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या बीटमधून, रात्रीच्या अंधारात, ओढ्याच्या काठाकाठानं जावं लागतं. फास नेमके ओढ्याच्या काठावरच असतात, कारण सगळ्या जनावरांची वाट तिथूनच जाते.

शिक्षेचं थोडं नीट समजून घे, म्हणजे कुणी घाबरवायला किंवा फूस लावायला आलं तर तुला उत्तर देता येईल. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि सहाच्या चार अनुसूची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या, झाल्या. गवा, बिबट्या, खवले मांजर, घोरपड हे पहिल्या अनुसूचीत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि दंड किमान 25 हजार. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, तिथे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र शिकार अभयारण्यात झाली असेल तर जनावर कुठलंही असो, किमान तीन वर्षांचीच तरतूद लागते. म्हणून जागा नेमकी कुठली हे फार महत्त्वाचं. वन्यजीव कायदा मालकी रानातही लागतो, पण भारतीय वन अधिनियम 1927 चं कलम 26 लावायचं तर जागा राखीव वनाच्या आतच असायला हवी. तू "हद्दीजवळ" लिहिलं आहेस. हद्दीच्या आत की बाहेर? आजच वनमजूर काकांना आणि आणखी एका सहकाऱ्याला घेऊन ती जागा पुन्हा बघ, जीपीएसवर नोंद घे, ज्या झाडांना वायर बांधली होती त्यांच्या सालीवर अजून खुणा असतील तर फोटो काढ. ही आजची पाहणी आहे असं स्वच्छ लिहून तिचा पंचनामा आजच्या तारखेनं करता येतो. त्यात लबाडी काही नाही.

मटणाचं मात्र खरं सांगतो. ते शिजलं, खाल्लं गेलं, संपलं. नमुना नाही, जप्ती नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 57 प्रमाणे वन्यप्राण्याचं मांस ताब्यात असलं तर ते कायदेशीर असल्याचं सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते, पण त्यासाठी मांस ताब्यात होतं हे आपल्याला आधी दाखवावं लागतं. तेव्हा तेवढ्यावर फार आशा ठेवू नकोस. अहवालात लिहितानाही "रानडुकराचे मांस शिजत होते" असं लिहू नकोस. "मांस शिजत होते, ते रानडुकराचे असल्याचे घरमालकाने सांगितले" असं लिही. डुक्कर म्हणून सांगितलेलं मांस प्रयोगशाळेत कधी वेगळ्याच जनावराचं निघतं, आणि ते ठरवणं डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचं किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेचं काम आहे, तुझं-माझं नाही.

पंचनामा येत नाही म्हणालीस. बरं झालं लिहिलंस, कारण वर्षानुवर्षं नोकरी करूनही तो न येणारी माणसं मी पाहिली आहेत आणि ती कधी कबूल करत नाहीत. प्रशिक्षणात एक नमुना हातात देतात आणि सगळे आयुष्यभर तोच उतरवत राहतात. कोर्टात तीन वेगवेगळ्या गुन्ह्यांचे पंचनामे वकील शेजारी शेजारी ठेवतो, तिन्हींत तीच वाक्यं, त्याच क्रमानं, आणि विचारतो, "मॅडम, तिन्ही वेळा पंच वाटेतच भेटले का?" तेव्हा घशाला कोरड पडते.

तू असं कर. जागेवर पोहोचलीस की पहिल्यांदा घड्याळ बघ आणि वेळ लिही. कशाला हात लावू नकोस. फास आहे तसा, लांबून एक, मधून एक, जवळून एक असा फोटो. शेजारी पट्टी किंवा टेप ठेव, म्हणजे आकार कळतो. मग पंच. वनखात्याचा माणूस पंच म्हणून घेऊ नकोस, अगदीच पर्याय नसेल तर का घेतला ते लिही. पंचाचं पूर्ण नाव, वय, धंदा, राहणार, आणि त्याला तिथे का बोलावलं. जागेच्या चतुःसीमा: पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कक्ष क्रमांक किंवा गट नंबर, जवळची कायमची खूण. नंतर जे दिसतं ते. वायर किती लांबीची, कुठल्या झाडाला, जमिनीपासून किती उंचीवर, गाठ कशी. रक्त, केस, ओरबाडल्याच्या खुणा, पावलं, विडीचं थोटूक, चपलेचा ठसा. जे नाही तेही लिही: "जागेवर रक्त दिसून आले नाही". या एका वाक्यानं पुढच्या चार शंका मिटतात. कोणत्या वस्तूला कुणी हात लावला, ती कशात बांधली, लाखेचं सील कसलं, सह्यांची चिठ्ठी आत आहे की बाहेर. खाडाखोड झालीच तर काट मारून शेजारी सही. शेवटी संपल्याची वेळ. पंचांना वाचून दाखव. खरंच वाचून दाखव, कारण त्यांना कोर्टात नेमकं हेच विचारलं जातं.

मांस मिळालं तर वजन, आणि नमुना वेगळा, कोरड्या स्वच्छ बाटलीत, बाकीच्यात न मिसळता. अख्खं जनावर मिळालं तर पशुधन विकास अधिकारी आल्याशिवाय कापाकापी नाही. उरलेल्या मांसाची विल्हेवाट लेखी आदेशानं आणि पंचांसमोर. मुद्देमाल तुझ्या हातून कुणाच्या हाती, कुठल्या तारखेला, किती वाजता गेला, त्याची एकही कडी सुटता कामा नये. तुझं पोतं महिनाभर खोलीत राहिलं ही सुटलेली कडी आहे. ती लपवता येणार नाही, पण तू स्वतः लिहून दिलीस तर निदान तुझ्या शब्दावर कुणी बोट ठेवणार नाही.

1 जुलै 2024 पासून नवी फौजदारी प्रक्रिया, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आली, तिच्या कलम 105 मध्ये झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सांगितलं आहे. मोबाइल खिशात असतोच, वापर. पण त्या मोबाइलवरून तीच चित्रफीत वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर गेली तर तपास तिथेच बुडाला समज. चित्रफीत कोर्टात द्यायची तर नव्या पुरावा कायद्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते परिक्षेत्र कार्यालयातल्या अनुभवी लिपिकाकडून शिकून घे. अशा कामात या मंडळींची फार मदत होते, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

जबाबाबद्दल एकच, पण ते ठाम. आरोपीला कुणी हात लावत असेल तर तिथून उठून बाहेर ये आणि वरिष्ठांना कळव. आपण पोलीस नाही म्हणून आपल्यासमोर दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत मिळू शकते, आणि म्हणूनच ती मारून घेतलेली नसावी याची जबाबदारी आपल्यावर जास्त आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम 50 प्रमाणे सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं आरोपीच्या समोर नोंदवलेला पुरावा खटल्यात ग्राह्य धरता येतो. तुझं काम साक्षीदार शोधून त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर अटक करायची वेळ आली तर महिला अधिकाऱ्याशिवाय आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय होत नाही. अशा वेळी रात्री-अपरात्री तुला बोलावणं येईल, तयारीत राहा.

आता वाडीबद्दल, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

तू म्हणतेस लोक बोलायचे थांबतात. थोडे दिवस थांबतील. पण मला विचारायचं आहे, फास सापडण्याआधी त्या वाडीत तू कशासाठी गेली होतीस? चुलीच्या लाकडासाठी अडवायला, वणव्याची चौकशी करायला, जनावरं कुणाची चरतात ते बघायला? ज्या रात्री गव्यांच्या कळपानं कुणाचं भात तुडवलं किंवा डुकरांनी उसाचं शेत आडवं केलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू तिथे होतीस का? भुदरगड, राधानगरी, आजरा, चंदगड या भागातला शेतकरी सुगीच्या दिवसांत माळ्यावर राखणीला झोपतो. डबा वाजवतो, बॅटरी मारतो, पोरंबाळं घरी आणि बाप रानात. तरी सकाळी अर्धं पीक गेलेलं असतं. त्याला आपल्या खात्याचा पहिला अनुभव येतो तो "अर्ज करा, पंचनामा होईल" असा, आणि पंचनाम्याला कुणी वेळेवर येत नाही. मग तो गाडीच्या गॅरेजमधून जुनी क्लच वायर आणतो.

मामीच्या भावाला मी निर्दोष म्हणत नाही. फास लावणं गुन्हाच आहे, आणि त्यांनी ते हसत सांगितलं हे तर जास्त खटकतं. पण शहरातून जीप घेऊन, ठासणीची नाही तर चांगली रायफल घेऊन, मौजेखातर रात्री रानात शिरणारी टोळी वेगळी, आणि पिकाच्या नुकसानीनं चिडलेला शेतकरी वेगळा. कायद्याचं कलम दोघांना एकच असेल. त्यांच्याशी बोलण्याची तुझी रीत एकच असायला नको. शेतकऱ्याला हे सांगता आलं पाहिजे की डुकरांचा उपद्रव फारच झाला तर वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली अधिकृत परवानगीची वाट आहे, ती अर्ज करून मागता येते, तू स्वतः तो अर्ज लिहायला मदत करशील. पीकनुकसानीचा अर्ज कसा भरायचा, फोटो कुठले लागतात, सातबारा कुठे जोडायचा, तलाठी आणि कृषी सहायकाला कधी बोलवायचं, 1926 हा हॅलो फॉरेस्टचा नंबर कशासाठी आहे. हे तू चार घरी बसून समजावलंस, आणि मुख्य म्हणजे नुकसानीच्या पंचनाम्याला गुन्ह्याच्या पंचनाम्याइतक्याच घाईनं धावलीस, तर त्याच वाडीतून तुला पुढचा फास कुठे आहे याचा फोन येईल. बातमी देणारा माणूस पैशासाठी देतो तसा विश्वासानंही देतो. त्याचं नाव मात्र कुठल्याही कागदावर, कुठल्याही वरिष्ठासमोर, चहाच्या गप्पांत, घरी आईजवळसुद्धा घेऊ नकोस.

आपल्या कोल्हापुरात शिकारीला एक वेगळीच प्रतिष्ठा आहे, हेही ध्यानात ठेव. संस्थानच्या काळात इथे चित्ते पाळून शिकार व्हायची, त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. दाजीपूरचं रान हे दरबाराचं शिकारीचं रान होतं. कितीतरी घरांत आजोबांचा बंदुकीसह फोटो अजून दिवाणखान्यात आहे. त्याच दाजीपूरला 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचं नाव आहे. दोन पिढ्यांत एवढं बदललं. त्यामुळे "आमचा आजा वाघ मारायचा" असं कुणी छाती काढून सांगू लागलं तर भांडू नकोस. ऐकून घे. त्या आजाच्या गोष्टीत रान कुठवर होतं, पाणी कुठे टिकायचं, कुठली जनावरं कुठल्या वाटेनं यायची याची माहिती असते, ती तुझ्या बीटच्या नकाशावर उतरव.

जमावाची एक गोष्ट सांगायचीच राहिली असती. गवे आता पार कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतात आणि कधीतरी तुझी नेमणूक बंदोबस्ताला होईल. डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला एक गवा वस्तीत शिरला. लोकांनी पाठलाग केला, मोबाइल घेऊन माणसं भिंतींवर चढली, तासन्‌तास तो धावत राहिला, शेवटी बेशुद्ध करून पकडला आणि मेला. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराचं शरीर आतूनच साथ सोडतं, औषधाचं निमित्त होतं. अशा वेळी गव्याच्या मागे धावण्यापेक्षा माणसांना मागे हटवणं हेच मुख्य काम. पोलिसांना लगेच बोलवायचं, तहसीलदारांकडून जमावबंदी मागायची, रस्ता मोकळा ठेवायचा आणि अंधार पडेपर्यंत जनावराला त्याच्या वाटेनं परत जाऊ द्यायचं. कुणी अंगावर धावून आलं, ढकललं, तर लोकसेवकावर हल्ल्याचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं 132, लगेच लावून घे. "जाऊ दे" म्हणू नकोस, कारण पुढच्या वेळी तिथे दुसरी एखादी गार्ड असेल.

वनपाल साहेबांबद्दल. त्यांचं मन वाईट आहे असं मला वाटत नाही. गावाशी वाकडं घेऊन एकट्यानं बीटवर राहणं काय असतं ते त्यांनी सोसलं असेल. त्यांचा मान ठेव, अहवाल देण्याआधी त्यांना भेटून सांग, "साहेब, मी परिक्षेत्र कार्यालयात लिहून देते आहे, तुम्हाला आधी सांगावं वाटलं." पाठीमागून दिलास असं त्यांना वाटता कामा नये. त्यांनी अडवलं तर नम्रपणे म्हण, "मग देऊ नको असं मला लिहून द्या." लिहून कुणी देत नाही. आणि सद्भावनेनं केलेल्या कामाला वन्यजीव कायद्याच्या कलम 60 चं संरक्षण आहे, हे आठवत राहा. अहवालानंतर बीटवर एकटी जाऊ नकोस, निदान काही आठवडे. वनमजूर काकांनाही विश्वासात घे. तू बदलून जाशील, ते त्याच वाडीत राहणार आहेत. त्यांचा जबाब घेतला जाईल तेव्हा त्यांच्यावर काय दडपण येईल याचा विचार आधी तुझ्या वरिष्ठांनी करायला हवा, तो त्यांच्या कानावर तू घाल.

वडिलांची भीती पोकळ नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोबात वनरक्षक स्वाती ढुमणे पायी सर्वेक्षण करताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. ती बातमी महाराष्ट्रातल्या ज्या ज्या घरात मुलगी गार्ड आहे तिथे वाचली गेली असणार. त्यांना "काही होत नाही बाबा" असं सांगू नकोस. गस्तीला कोण सोबत असतं, खोलीला कडी कशी आहे, रात्री फोन लागतो का, हे सांग. जमलं तर एकदा बीटवर घेऊन ये. एमपीएससीचं म्हणशील तर त्यांचं आणि तुझं भांडण होण्याचं कारणच नाही. आयोग वनसेवेची परीक्षा घेतो, तुझ्याकडे विज्ञानाची पदवी आहे, आणि निवड झाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचं प्रशिक्षण आपल्या शेजारीच, पलूस तालुक्यात कुंडलला. बीटवर वायर हातात घेतलेली मुलगी उद्या आरएफओ झाली तर तिला खालच्या गार्डचा कागद कुठे कच्चा आहे ते बघताक्षणी कळेल. अभ्यास कर, नोकरीत राहूनच कर. पण या प्रकरणाला टाळण्यासाठी परीक्षेचा आडोसा घेऊ नकोस.

राहिली मामी. अहवाल दिलास की त्याच संध्याकाळी तूच तिला फोन कर, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. प्रकरणाबद्दल एक अक्षर बोलू नकोस: काय लिहिलं, कोण साक्षीदार, पुढे काय होईल, काही नाही. एवढंच सांग की तपास आता माझ्याकडे नाही, मी तो करणारही नाही, आणि तुझ्या भावाला चांगला वकील बघायला सांग. ती चिडेल, रडेल, आईला फोन करेल. म्हणून आईला मात्र मामीच्या आधी सांगून ठेव, आणि तिला विनंती कर की या विषयावरचा फोन तिनंही घेऊ नये. कुणी भेटायला घरी आलं, पाकीट किंवा कोंबडं घेऊन आलं, तर ते दारातूनच परत जाऊ दे आणि तारीख, वेळ, नाव डायरीत लिही.